दिव्यांग बालकांची काळजी शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनो, या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अंगणवाडी सेविका, आशा, विशेष शिक्षक आणि पालक यांना विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांची काळजी शिकवण्यात माझी 19 वर्षे गेली आहेत, आणि अलीकडे हेच काम करू पाहणाऱ्या नव्या प्रशिक्षकांना मी तयार करते. ही मंडळी अभ्यासू असतात, त्यांना मुलांविषयी कळवळाही असतो, तरीही प्रत्येक तुकडीत त्याच त्या चुका होतात. त्यांचे परिणाम प्रशिक्षकाला सहसा दिसत नाहीत, कारण ते तालुक्याच्या सभागृहापासून दूर, पाड्यावरच्या किंवा मळ्यातल्या एखाद्या घरात घडतात.

बाहुलीवर शिकवणे

काही वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी मी सेविकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते. विषय सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालीवर ताबा नसणे, असलेल्या मुलाला भरवण्याचा होता. मुलाला आडवे झोपवून किंवा त्याची मान मागे टाकून भरवले, तर घास आणि पाणी श्वासनलिकेत उतरते, ठसका लागतो आणि हे वारंवार झाले की फुप्फुसात संसर्ग होतो, हे मी चित्रे दाखवून समजावले. लाकडी विशेष खुर्चीत बाहुली बसवली, पट्टा बांधला, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली कशी ठेवायची तेही दाखवले. शेवटच्या लेखी चाचणीत बहुतेकींना 20 पैकी 18 गुण पडले आणि मी समाधानाने परतले.

महिन्याभराने त्यांतल्याच एका सेविकेबरोबर मी तिच्या पाड्यावर गेले. मुलगा चार वर्षांचा होता. आईने त्याला खाटेवर उशीला टेकवून बसवले होते. त्याची मान उशीवरून मागे कलंडली होती आणि आई उभी राहून, वरून, वाटीने वरणाचे पाणी त्याच्या तोंडात सोडत होती. तो प्रत्येक घोटाला ठसकत होता. सेविका मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही त्याला बसवूनच भरवतो.” ती खरे बोलत होती. माझ्या दोन दिवसांतून तिच्या हाती “बसवून भरवा” एवढेच लागले होते. त्या घरात खुर्ची नव्हती, पट्टा नव्हता, आणि बाहुलीची मान कधीच मागे पडत नसल्यामुळे ती पडली की काय होते, हे तिने सभागृहात पाहिलेलेच नव्हते.

त्या दुपारी आम्ही घरातलेच सामान वापरले. दोन भिंतींच्या कोपऱ्यात मुलाला बसवले की त्याच्या दोन्ही खांद्यांना आपोआप आधार मिळतो. मांड्यांच्या दोन्ही बाजूंना गोधडीच्या वळकट्या लावल्या, गुडघ्यांखाली एक घडी ठेवली. आईला समोर पाटावर बसवले, म्हणजे चमचा समोरून आणि किंचित खालून यावा आणि मुलाला मान वर करावी लागू नये. वरणाच्या पातळ पाण्याऐवजी दादर ज्वारीची भाकरी वरणात मऊ कुस्करून घेतली, कारण पातळ पदार्थ तोंडातून झरकन मागे सरकतो आणि घट्ट, मऊ घास जिभेला सांभाळता येतो. चमच्यात थोडेच घेतले, तो जिभेच्या मध्यावर हलकेच टेकवला आणि गिळेपर्यंत दुसरा घास दिला नाही. मुलाने अर्धी वाटी खाल्ली आणि त्याला एकदाच ठसका लागला. त्यानंतर अर्धा तास त्याला तसेच बसते ठेवायचे, हे आजीला सांगितले, कारण जेवल्याबरोबर त्याला झोपवण्याचे काम तिच्याकडे होते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पहिल्या तासात मी एकही तक्ता उघडत नाही. प्रशिक्षणार्थींच्या जोड्या लावते आणि एकीने दुसरीला भरवायचे असते. प्रथम नीट बसवून, मग मान थोडी मागे टाकायला लावून फक्त एक चमचाभर पाणी द्यायचे. गिळणे किती अवघड होते, भरवणारीचा हात वरून आला की कसे घाबरायला होते आणि “थांब” म्हणता आले नाही तर काय वाटते, हे बाईला स्वतःच्या घशाने कळते. एवढा अनुभव घेतलेली सेविका पुढे कोणत्याही मुलाची मान मागे पडू देत नाही. खुर्ची मी आता सोबत नेतच नाही, गोधडी, पाट आणि टोपली एवढेच साहित्य नेते. नव्या प्रशिक्षकांना वाटते की यात वेळ जातो आणि ठरलेले घटक पूर्ण होत नाहीत. घटक पूर्ण न झाले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा विषय ऐकवण्यापेक्षा एक कृती प्रत्येकीच्या हातून तुमच्या डोळ्यांसमोर तीनदा बरोबर झालेली मला हवी असते.

गृहभेट हा जादा खर्च मानणे याच चुकीचा दुसरा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2 ते 9 वर्षांच्या, विकासात मागे पडलेल्या मुलांच्या पालकांसाठी जो कौशल्य प्रशिक्षण कार्यक्रम तयार केला आहे, त्यात 9 गटसत्रांच्या जोडीला 3 गृहभेटी मुळातच धरलेल्या आहेत. आपल्याकडे निधी किंवा दिवस कमी पडले की पहिली काट गृहभेटींवर येते, सत्रे तेवढी उरतात आणि अहवालात प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद होते. सत्रे कमी करावी लागली तर करा, परंतु गृहभेट सोडू नका, आणि ती जेवणाच्या वेळी ठेवा, कारण इतर वेळी तुम्हाला फक्त चहा आणि आवरलेले घर दिसेल.

साखळी प्रशिक्षणात शब्द हरवू देणे

जिल्ह्याने तालुक्याला शिकवायचे, तालुक्याने पर्यवेक्षिकांना आणि पर्यवेक्षिकांनी मासिक बैठकीत सेविकांना, ही साखळी कागदावर फार सोयीची दिसते. एकदा आम्ही स्नायूंच्या ताठरपणाविषयी जिल्हा पातळीवर शिकवले होते. सूचना अशी होती की पाय हळूहळू ताणावा आणि 30 अंक मोजेपर्यंत त्याच स्थितीत धरून ठेवावा. तीन महिन्यांनी तापीकाठच्या एका गावात गेले, तेव्हा पाच वर्षांची एक मुलगी आईचा हात पायाकडे येताच किंचाळू लागली. आईला शिकवल्याप्रमाणे करून दाखवायला सांगितले. तिने पाय झटक्याने ओढला आणि सोडला, पुन्हा ओढला आणि सोडला, असे 30 वेळा. “30 मोजेपर्यंत धरा” याचे तिसऱ्या पायरीवर “30 वेळा ओढा” झाले होते. ती माउली निष्ठेने दोन महिने रोज हेच करत होती.

यात नुकसान दुहेरी आहे. सेरेब्रल पाल्सीतील ताठर स्नायू जितक्या वेगाने ओढावा तितका तो उलट आवळतो, त्यामुळे झटक्याने ताण दिल्याने ताठरपणा सैल होत नाही, वेदना मात्र होते. आणि मुलीच्या मनात बसलेली भीती काढायला आम्हाला पुढचे कित्येक आठवडे लागले. त्या काळात आम्ही ताण देणे पूर्ण थांबवले, आंघोळीच्या कोमट पाण्यात पाय सैल पडू देणे आणि आईच्या मांडीवर पाय फाकवून बसवणे एवढेच केले. दिवसभर योग्य स्थितीत बसणे आणि झोपणे हे दहा मिनिटांच्या व्यायामापेक्षा जास्त उपयोगाचे असते, हे आईला सांगायला हवे होते आणि साखळीत नेमके तेच गळाले होते.

आता मी दोनपेक्षा जास्त पायऱ्यांच्या साखळीला नकार देते. वरिष्ठांना हा आडमुठेपणा वाटतो, तरीही देते. दुसरी सवय अशी की अंक मोजायला सांगतच नाही, आईला येणाऱ्या गाण्याचे एक कडवे संपेपर्यंत पाय धरून ठेवा, असे सांगते. कडवे झटक्याने संपवता येत नाही आणि मुलाचेही लक्ष गाण्याकडे जाते. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने शिकलेली कृती स्वतःच्या शब्दांत शेजारणीला सांगायची आणि शेजारणीने केवळ त्या शब्दांवरून ती करून दाखवायची, ही परीक्षा लेखी चाचणीपेक्षा कितीतरी कठोर आणि खरी आहे.

शब्द निवडताना बेफिकिरी

सेरेब्रल पाल्सीला मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात आणि नवा प्रशिक्षक तोच शब्द पालकांपुढे वापरतो. गावात पक्षाघात म्हणजे लकवा, आणि लकव्याला मालिश करणारे, झाडपाला देणारे सर्वत्र आहेत. हा शब्द कानावर पडला की कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी भटकू लागते आणि त्यात मुलाच्या शिकण्याची पहिली, सर्वांत मोलाची वर्षे जातात. मी पालकांना सांगते की मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग जन्माच्या आगेमागे दुखावला आहे, ती इजा वाढत जाणार नाही, पुसलीही जाणार नाही, परंतु मूल शिकत राहील. हे वाक्य मी सेविकांकडून अहिराणीत आणि पावरीत म्हणवून घेते, कारण धडगाव किंवा अक्कलकुवा परिसरातील आईला प्रमाण मराठी ऐकून मान डोलावण्याची सवय असते. त्या मान डोलावण्यावर विसंबून “समजले का?” विचारणारा प्रशिक्षक स्वतःचीच फसवणूक करतो. “करून दाखवा” असेच म्हणावे.

आईची बोली ऐकून घेणेही तितकेच आवश्यक आहे. “त्याले समजस समदं, पन बोलस नही,” असे आई सांगते, तेव्हा मुलाला खरोखर ऐकून समजते की घरातल्यांच्या हातवाऱ्यांवरून समजते, हे पाठीमागून हाक मारून पाहायला सेविकेला शिकवा. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी आधी व्हायला हवी.

निदान करायला शिकवणे

आशा आणि सेविका यांचे काम शंका ओळखून मुलाला पुढे पाठवण्याचे आहे. पाच महिन्यांनंतरही मान न धरणे, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न येणे आणि कोणत्याही वयात आलेले कौशल्य हरवणे, अशी मोजकी लक्षणे त्यांना पक्की करून द्यावीत. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः ते 18 वर्षे वयाच्या मुलांची तपासणी करणारी पथके आहेत आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचना आहे. दोन तासांच्या व्याख्यानानंतर ओट्यावर बसून “तुमच्या मुलाला ऑटिझम आहे” असे सांगणारी सेविका आपणच तयार करतो, आणि दोष मात्र तिला देतो.

याच घाईतून कायद्यातील यादी पाठ करून घेण्याचा प्रकार येतो. 1995 च्या कायद्यात अक्षमतेचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले, एवढे एका वाक्यात सांगून पुढे जावे. फळ्यावर सगळी यादी उतरवण्यात तास घालवणारे प्रशिक्षक मला दरवर्षी भेटतात. त्या वेळात पालकांना कागदपत्रांची माहिती द्यावी आणि ती अचूक द्यावी. 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारा निरामय आरोग्य विमा 21 प्रकारांपैकी सर्वांसाठी नाही. तो 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातील स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांपुरता आहे. चुकीचे आश्वासन घेऊन घरी गेलेले पालक पुढच्या बैठकीला येत नाहीत.

इतर काही चुका

झटका आलेल्या मुलाला कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, एवढे सांगून प्रशिक्षक थांबतात. काय करावे हेही सतरंजीवर करवून घ्या: कुशीवर वळवणे, डोक्याखाली मऊ घडी ठेवणे, घड्याळ पाहणे आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्यात नेणे.

प्रात्यक्षिकासाठी दिव्यांग मुलाला चाळीस माणसांसमोर टेबलावर झोपवू नका. आई नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिची संमती आहे असे धरू नये.

फक्त आईला बोलावू नका. घरात काय शिजेल आणि मूल कुठे बसेल हे अनेकदा आजी ठरवते, आणि तालुक्याला न्यायचे की नाही हे वडील.

मोबाइलवर चित्रफीत पाठवून शिकवल्याचे समाधान मानू नका. आठवण देण्यासाठी ती चांगली आहे, परंतु मुलाच्या अंगावर हात कसा आणि किती जोराने ठेवायचा हे पडद्यावरून कळत नाही.

जे आपण स्वतः मुलांबरोबर केलेले नाही, ते शिकवू नका. पदवी घेऊन सहा महिने झालेली मुले प्रशिक्षक व्हायला येतात आणि पहिल्याच आठवड्यात प्रमाणपत्र कधी मिळेल ते विचारतात. मी त्यांना आधी वर्षभर एकाच गावातील पाच मुलांच्या घरी जायला लावते. निम्मे जण सोडून जातात. उरलेले मात्र टिकतात.

वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने ठरवणे

दिवाळीनंतर सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात, ती होळीच्या सुमारास परततात. निधी मात्र मार्चपूर्वी संपवायचा असल्याने पालक प्रशिक्षण जानेवारी-फेब्रुवारीत ठेवले जाते आणि उपस्थितीचे रकाने शेजारपाजारच्या बायकांनी भरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची बैठकही अशीच निरर्थक असते. मी पालकांची सत्रे होळीनंतर ते पेरणीपर्यंत घेते, अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा सोडून, कारण तेव्हा लेकी माहेरी गेलेल्या असतात. स्थलांतरित कुटुंबासाठी निघण्याआधी एक गृहभेट ठरवते. कोपऱ्यात बसवण्याची रीत तेव्हा मुद्दाम पुन्हा करून घेते, उसाच्या फडातल्या कोपीत भिंत नसते म्हणून कोपऱ्याऐवजी आईच्या दोन गुडघ्यांमध्ये बसवून, आणि पाठीला मागे भरलेल्या पोत्याचा आधार देऊन.