कापलेल्या सीनचा हिशेब: मालिकेच्या संकलनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मालिकेच्या संकलन विभागात साहाय्यक म्हणून रुजू होणाऱ्यांना टाइमलाइन कशी लावावी किंवा क्लॅपवरून चित्र आणि आवाज कसे जुळवावेत, हे मी सांगण्याची गरज नाही. तेवढे येत नसेल तर तिथे कोणी उभेही करत नाही. मला सांगायचे आहे ते पहिल्या दहा-बारा भागांमधून गाळल्या जाणाऱ्या सीनबद्दल, कारण मी तोंडघशी पडलो तो तिथेच, आणि ती आठवण निघाली की माझे कान अजूनही गरम होतात.

सोलापुरात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आणि एका कौटुंबिक मालिकेवर तिसरा साहाय्यक म्हणून लागलो. मालिकेतले कुटुंब सोलापूरचे आणि चादरींच्या धंद्यातले होते, त्यामुळे ‘याला तिकडची भाषा तरी कळेल’ एवढ्याच भांडवलावर माझी निवड झाली होती.

तासाला १० मिनिटे जाहिराती आणि २ मिनिटे वाहिनीचा स्वतःचा प्रचार, ही नियमातली मर्यादा. त्यातून शीर्षकगीत आणि मागील भागाची झलक वजा केली, की अर्ध्या तासात कथेला बावीसेक मिनिटे उरतात. सुरुवातीचे भाग मात्र हमखास लांबतात. लेखकाला घरातल्या प्रत्येक माणसाची ओळख करून द्यायची असते, कलाकारांना आपल्या पात्राचा सूर सापडलेला नसतो, दिग्दर्शकालाही अजून वेळेचा धाक बसलेला नसतो. मग वाहिनीची माणसे रफ कट, म्हणजे भागाची पहिली कच्ची जुळणी, पाहतात आणि गोष्ट लवकर सुरू करा म्हणतात. अशा वेळी कात्री लागते ती पूर्वकथेच्या, संथ आणि भांडण नसलेल्या सीनना. घराची बहुतेक माहिती मात्र नेमकी त्याच सीनमध्ये असते.

आमचा चौथा भाग रफ कटमध्ये २५ मिनिटे १० सेकंदांचा झाला होता. त्यातला सातवा सीन १ मिनिट ५० सेकंदांचा होता: मागांच्या कर्जाचा हप्ता भागवण्यासाठी सासू सोनाराच्या दुकानात बसून आपल्या पाटल्या उतरवते आणि घरी कोणालाही न सांगण्याचे ठरवते. सीन गाळावा असे मीच सुचवले, वरिष्ठांनी होकार दिला, आणि सुचवल्याबद्दल मला शाबासकीही मिळाली.

आता मी ज्यात अडकलो ते सविस्तर सांगतो. कंटाळा आला तरी वाचा. मालिका सुरू होऊन काही महिने झाले, की आज चित्रित झालेला सीन दोन-तीन दिवसांत प्रसारित होतो. एखादा दुवा निसटला तर लेखकाला फोन करून उद्याच्या सीनमध्ये एक वाक्य घालून घेता येते. सुरुवातीला तसे नसते. प्रसारणापूर्वी भागांची बँक तयार केली जाते, म्हणजे तुम्ही चौथा भाग कापायला बसता तेव्हा नवव्या आणि दहाव्या भागाचे चित्रीकरण उरकलेले असते. चौथ्यातला सीन तुम्ही गाळता, पण नवव्यातले पात्र तो सीन घडला असे धरूनच बोलून मोकळे झालेले असते. आमच्या नवव्या भागात सून सासूचे मनगट धरून विचारते, “आई, पाटल्या कुठे गेल्या?” आणि दोघी रडतात. हा सीन आम्ही सगळ्यांनी पाहिला, पार्श्वसंगीत चढवून पाहिला, आणि कोणालाही काही खटकले नाही, कारण पाटल्या कुठे गेल्या ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. आम्ही संहिता वाचली होती आणि तो गाळलेला सीन वीस वेळा पाहिलाही होता. एकदा पाहिलेली गोष्ट संकलकाच्या डोक्यातून कापता येत नाही. प्रेक्षकाने ती मुळात पाहिलेलीच नसते.

प्रसारणानंतर दहा मिनिटांत सोलापूरहून आईचा फोन आला. “अरे, तिनं पाटल्या कधी विकल्या? मी एक दिवस चुकवलं नाही, तरी मला कसं दिसलं नाही?”

आमचे एक वरिष्ठ म्हणायचे, “प्रेक्षकाला काही आठवत नाही.” त्यांच्याकडून मी बरेच शिकलो, पण हे वाक्य कोणी तुम्हाला गुरुमंत्र म्हणून दिले तर घेऊ नका. भाकरी थापता थापता मालिका पाहणारी बाईसुद्धा सोने विसरत नाही. तीन महिन्यांच्या कोर्सबद्दलही माझे मत फारसे बरे नाही. तिथे कीबोर्डचे शॉर्टकट पाठ करून घेतात, पण आज कापलेल्याचे पाच भागांनंतर काय होते याचा विचार कोणी शिकवत नाही. माझे वडील जकार्डच्या मागावर होते. नक्षीचे पुठ्ठे एका माळेत ओवलेले असतात. त्यातला एक गळला तरी माग थांबत नाही, चादर निघतच राहते, फक्त नक्षी एका आडव्या धाग्याने चुकते. हे मला लहानपणापासून माहीत होते, आणि तरीही टाइमलाइनसमोर बसल्यावर सुचले नाही.

आता सीन गाळण्यापूर्वी मी वहीत लिहून काढतो की त्यात कोणाला काय कळले, कोणाच्या अंगावरची किंवा हातातली कोणती वस्तू बदलली, आणि त्याचा उल्लेख पुढच्या कोणत्या संहितेत आहे. मग सगळा सीन वाचवायची गरज उरत नाही. पाटल्या रुमालावर ठेवणारा हात १२ सेकंद दाखवला असता, तर ३०० फ्रेममध्ये आमचे काम भागले असते. तेवढीही जागा नसेल तर एखाद्या पाठमोऱ्या शॉटवर डबिंगने एक वाक्य चढवता येते. गाळलेल्या सीनचे फुटेज वेगळ्या बिनमध्ये, म्हणजे फुटेजच्या वेगळ्या कप्प्यात, ‘प्रसारित नाही’ असे ठळक लिहून ठेवा, नाहीतर पुढे फ्लॅशबॅक मागितला की कोणीतरी तेच उचलतो आणि पात्रांना कधीच न दाखवलेला प्रसंग आठवू लागतो. हेही आमच्याकडे झाले आहे, आणि उचलणारा मीच होतो.

इतके होऊनही मला कोणी काढून टाकले नाही. गुरुवारी रेटिंगचे आकडे आले आणि सगळे त्याच्या गडबडीत बुडाले. चुका होतील, शिव्या बसतील, आणि महिन्याभरात तुमच्याऐवजी दुसरा कोणीतरी त्या खात असेल. तेव्हा पहिल्या चुकीवरच सोलापूरचे परतीचे तिकीट काढू नका.

मला जास्त लागले ते वेगळेच. त्या सीनमधला सोनार सोलापूरच्या रंगभूमीवरच्या एका ज्येष्ठ कलावंताने, अण्णांनी, केला होता आणि मालिकेत त्यांचा तेवढा एकच सीन होता. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीला टीव्हीसमोर बसवले होते. सीन गेल्याचे मला चार दिवस आधीपासून ठाऊक होते, पण मी फोन केला नाही; ते काम माझे नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आलो असताना ते हुतात्मा स्मृती मंदिराजवळ चहाच्या गाडीवर भेटले. चित्रित साहित्याची मालकी आपली नसते आणि क्लिप बाहेर दिली तर नोकरी जाते, हे मी अवघडून सांगितले. “असू दे की,” असे म्हणून अण्णांनी पेला गाडीवर ठेवला, काल्पनिक तराजू हातात धरला आणि सोनार आणि सासू या दोघांचीही वाक्ये म्हणत सगळा सीन उभ्या उभ्या करून दाखवला. सवयीने मी मनात सेकंद मोजत होतो. शेवटी त्यांनी घेतलेला थांबा मी रफ कटमध्येच छाटला होता.