अँब्युलन्समध्ये चढण्याआधी : कम्युनिटी कॉलेजातून पॅरामेडिक होऊ पाहणाऱ्यांसाठी

"ताई, मी बीएचएमएस आहे, एच-४ वर आलेय. तुम्ही पॅरामेडिक कशा झालात?" असा फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. (एच-४ म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणारा अमेरिकेचा व्हिसा.) कधी बीएएमएस असते, कधी फिजिओ, कधी माझ्यासारखी मायक्रोबायोलॉजीवाली. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच काढतेय. मी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे आकडे आणि नियम इथले. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले तपासा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. इथल्या गाडीत नसतो. हृदयाचा आलेख काढणं, शिरेत सुई लावणं, घशात नळी घालणं, औषध द्यायचं की नाही ते ठरवणं, हे सगळं पॅरामेडिक करतो. त्याला वैद्यकीय संचालकाचे लेखी प्रोटोकॉल असतात, अडलं तर रेडिओवर बेस हॉस्पिटल, म्हणजे सल्ला देणारं ठरलेलं हॉस्पिटल. डॉक्टर कोणी येत नाही. त्यामुळे 'कंपाउंडरसारखं काहीतरी' असं तुमच्या सासरी कोणी म्हणालं तर गोड हसा आणि पुढे चला.

आता पदवीचं. तुमची बीएचएमएस इथे वाया जात नाही, पण पायरीही गाळता येत नाही. पहिली पायरी ईएमटी, म्हणजे अँब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणारा, पॅरामेडिकच्या खालचा तंत्रज्ञ. ती सगळ्यांनाच. कॅलिफोर्नियात तो कोर्स किमान १७० तासांचा, म्हणजे साधारण एका सत्राचा. मग नॅशनल रजिस्ट्री या देशपातळीवर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची संगणकावरची परीक्षा. ही परीक्षा विचित्र आहे. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न बदलतात आणि ७० ते १२० यांपैकी कुठल्याही प्रश्नाला ती बंद पडू शकते. माझी सत्तराव्या प्रश्नाला पडदा टाकून मोकळी झाली. मी पार्किंगमध्ये बसून रडले, नवऱ्याला फोन करून 'गेलं' म्हटलं. दुसऱ्या दिवशी पास.

पॅरामेडिक त्याच्यानंतर. वर्ग, हॉस्पिटल आणि अँब्युलन्सवरची इंटर्नशिप मिळून किमान १,०९४ तास, त्यातले ४८० अँब्युलन्सवर. बरीच कॉलेजं प्रवेशाआधी ईएमटी म्हणून कामाचा अनुभव आणि अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी मागतात. माझं मत विचाराल तर मागितलं नाही तरी वर्षभर गाडीवर काढा. माझ्या बॅचमध्ये जे थेट वर्गातून वर्गात आले, त्यांची पुस्तकं पाठ होती, पण जिन्यावरून स्ट्रेचर वळवताना कुठला पाय मागे घ्यायचा ते कळत नव्हतं.

पैशांचं आणि व्हिसाचं थोडक्यात सांगते. सत्र पद्धतीच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, तिमाही पद्धतीच्या कॉलेजात ३१. रहिवासी ठरायला राज्यात वर्षाहून जास्त राहिलेलं असावं लागतं. एच-४ वाल्यांना हा दर मिळू शकतो, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाही, त्यांची फी कित्येक पटींनी जास्त. तेव्हा आल्या आल्या घाईने नाव घालू नका. वर्ष भरू द्या, भाडेकरार, लायसन्स, टॅक्सचे कागद जपून ठेवा. एच-४ वर शिकता येतं, कामाचं परमिट नसेल तर नोकरी करता येत नाही. मी २०११ मध्ये आले, काही एच-४ वाल्यांना परमिट मिळायला सुरुवात झाली मे २०१५ मध्ये. मधली वर्षं पोरीला शाळेत सोडून लायब्ररीत बसण्यात गेली. शिकताना हॉस्पिटलात आणि गाडीवर जे तास भरावे लागतात ते बिनपगारी असतात. तरी तुमच्या व्हिसावर ते चालतात का, हे कोर्स सुरू होण्याआधी वकिलाला विचारा, ग्रुपवरच्या काकांना नको.

आता मला खरं जे सांगायचंय ते. या शिक्षणात आपल्या लोकांचं घोडं अभ्यासात अडत नाही, तोंड उघडण्यात अडतं.

पहिल्या प्रात्यक्षिक चाचणीत वर्गातला एक मुलगा 'अपघातग्रस्त' म्हणून फरशीवर आडवा होता. मी गुडघ्यावर बसले. मान, छाती, पोट, मांड्या, नाडी, सगळं क्रमाने तपासलं. मिरजेच्या लॅबमध्ये शिकलेली शिस्त होती, एक पायरी चुकली नाही. परीक्षक हातात फळी धरून उभे. शेवटी म्हणाले, "तू मानेला हात लावलास. काय बघितलंस?" म्हटलं, "सगळं." ते म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही." नापास. इथे प्रत्येक गोष्ट करताना मोठ्याने बोलायची असते. हातमोजे घातले, जागा सुरक्षित आहे, किती जखमी आहेत, श्वास आहे, दोन्ही बाजूंनी सारखा आहे. हातमोज्यांचं बोलायचं राहिलं तर पुढचं कितीही चांगलं करा, तिथेच संपलं.

आपण आयुष्यभर 'मुकाट्याने काम कर' ऐकत वाढलेलो. ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. पोळ्या लाटताना सगळी यादी इंग्रजीत मोठ्याने म्हणायचे, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून. नवरा स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा पडायचा, पोरगी घड्याळ लावायची. तुम्हीही असाच एखादा देह शोधून ठेवा.

बोलण्याचा दुसरा भाग म्हणजे प्रश्न. आजोबांच्या वयाच्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत विचारायचं, शौचाला कधी झालं, दारू किती घेतली, ड्रग्ज घेतलेत का. तरुण मुलीला आईसमोर विचारायचं नसतं, गरोदर आहेस का, म्हणून आधी आईला गोड बोलून दुसऱ्या खोलीत पाठवायचं. संकोच वाटला की आवाज बारीक होतो, आणि बारीक आवाजातल्या प्रश्नाला कोणी खरं उत्तर देत नाही.

शब्दही नव्याने शिकायचे. पॅरासिटामॉल इथे असिटामिनोफेन, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, सॅल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन. वजन पौंडात सांगतात, औषधाचं प्रमाण किलोवर काढायचं. २.२ ने भागणं झोपेतही जमलं पाहिजे. रक्तातली साखर मात्र आपल्यासारखीच मोजतात, तो आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा गावचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आपली भाषा उपयोगी पडते का? एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता, कारण इथे तो कायदाच आहे. मुलाकडे आलेले एक काका. मुलाचं म्हणणं, बाबांना अ‍ॅसिडिटी झालीय, इनो दिलंय. एसी चालू असून शर्ट पाठीला चिकटलेला. माझा जोडीदार विचारतोय, "पेन?" आणि काका प्रामाणिकपणे मान हलवतायत, "नो पेन, ओन्ली गॅस." मी वाकून विचारलं, "काका, छातीत कसं होतंय?" ते म्हणाले, "दुखत नाही गं. जड झालंय. कुणी पाटा ठेवल्यासारखं." लगेच बारा लीडचा आलेख काढला आणि तो पाहून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, हॉस्पिटलला गाडीतूनच कळवलं. तेव्हापासून मी मराठी काय, इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटलाही नुसतं 'दुखतंय का' विचारत नाही, 'कसं वाटतंय' विचारते. असे प्रसंग अर्थात विरळा. रोज उपयोगी पडते ती स्पॅनिश, जमेल तेवढी शिका.

पहिली नोकरी बहुधा खाजगी अँब्युलन्सची असेल, डायलिसिसचे आणि घरी सोडायचे पेशंट नेण्याची. पगार बेताचा, पाठीवर भार भरपूर. कंटाळवाणं आहे, पण रिपोर्ट लिहायला आणि म्हाताऱ्या माणसाला न दुखवता उचलायला तिथेच शिकाल. गाडी स्टेशनवर नसून कुठल्यातरी चौकात उभी करायला सांगतात, तिथे मायक्रोवेव्ह नसतो. भात-आमटी विसरा. थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, पोळीची गुंडाळी, एका हाताने खाता येईल आणि अर्धवट टाकून पळता येईल असं न्या. सुक्या बोंबलाची चटणी नको, जोडीदारालाही त्याच केबिनमध्ये बारा तास काढायचे असतात.

शेवटी कागद, कारण माझं एक अख्खं सत्र कागदापायी गेलं. हॉस्पिटलात पाऊल ठेवण्याआधी हेपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या यांचे पुरावे आणि टीबीची तपासणी लागते. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते. त्यामुळे हातावरची टीबीची चाचणी काहींना फुगून येते. माझी आली. मग एक्स-रे, पत्रं, फेऱ्या, आणि तोवर माझ्या कॉलेजातल्या बाईंनी हॉस्पिटलची जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती. तुम्ही सुरुवातीलाच डॉक्टरला रक्तावरची टीबी चाचणी मागा, तिला बीसीजीने फरक पडत नाही. लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात बारशाच्या फोटोंबरोबर असेल, तर पुढच्या फेरीत घेऊन या. नसेल तर रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणारी टायटर चाचणी करून घ्या. तीत जे कमी निघेल त्याची लस पुन्हा घ्यावी लागते. हेपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने जातात, म्हणून पहिला डोस अर्ज भरायच्या आधीच टोचून घ्या.