आंब्याची साईट गुगलवर वर कशी आणली (आणि तुमचीपण कशी आणता येईल)

माझ्या मावसभावाची देवगडला हापूसची कलमं आहेत. त्याने कुणाकडून तरी साईट बनवून घेतली, दिसायला एकदम झकास, आणि अख्ख्या सीझनमध्ये साईटवरून ऑर्डर आली एक, तीपण आमच्या मामीची. मग मी त्याच्यासोबत बसलो आणि जे जे केलं ते इथे लिहितोय. तुमचे मसाले असतील, होमस्टे असेल, तरी बरंचसं हेच लागू पडेल.

सगळ्यात आधी, साईट गुगलला माहीत तरी आहे का ते बघा. सर्चमध्ये इंग्रजीत साईट लिहायचं, कोलन द्यायचा आणि स्पेस न सोडता आपलं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, टाकायचं. आमचं काहीच आलं नाही! आमची साईट ज्यावर बनवलीय त्या वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या आत रीडिंग म्हणून भाग आहे, तिथे 'सर्च इंजिनांनी ही साईट दाखवू नये' अशा अर्थाची एक टिक असते, साईट बनवताना लावतात आणि नंतर काढायची विसरतात, ती वर्षभर तशीच होती. म्हणजे आम्हीच गुगलला दारातून परत पाठवत होतो. टिक काढली, सर्च कन्सोलला, म्हणजे साईटवाल्यांसाठीच्या गुगलच्या टूलला, साईट जोडली (फुकट आहे), साईटमॅप म्हणजे सगळ्या पानांची यादी दिली आणि महत्त्वाच्या पानांसाठी इंडेक्सिंगची, म्हणजे सर्चमध्ये घेण्याची, रिक्वेस्ट टाकली.

आता मेन गोष्ट. साईटवर काय लिहायचं हे कुणाला विचारू नका, तुमचं व्हॉट्सअॅप उघडा. भावाला दर सीझनला लोक तेच तेच विचारतात, पेटीत किती डझन, एका फळाचं वजन किती, पुण्याला किती दिवसांत येईल, आलेला आंबा हिरवा का आहे, पिकायला किती दिवस, कार्बाईड तर नाही ना, आणि साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष) निघाला तर बदलून देणार का. साईटवर यातलं एकही उत्तर नव्हतं, होतं काय तर 'निसर्गाच्या कुशीतून आपल्या दारी' वगैरे. अरे पण हे सर्च कोण करतं? लोक 'देवगड हापूस भाव' टाकतात, 'आंबा पिकवायचा कसा' टाकतात. मग त्याला म्हटलं तू फोनवर जसं सांगतोस तसंच व्हॉइस नोटमध्ये बोल, मी टाईप करतो. पेटी आल्यावर फळं गवतावर पसरून ठेवा, पिकल्याशिवाय फ्रिजमध्ये टाकू नका, साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, असं सगळं. ही माहिती खरी त्याच्याचकडे आहे, दुसऱ्या साईटवरून उचललेली नाही, फरक तिथेच पडतो.

शब्दांचंपण बघा. कोणी हापूस लिहितं, कोणी हाफूस, कोणी अल्फान्सो, कोणी मराठीत, कोणी इंग्रजी अक्षरांत. सगळे शब्द एकाच वाक्यात कोंबू नका, वाचताना घाण दिसतं. सहज येतील तिथे येऊ द्या. पानाच्या टायटलला मात्र नीट वेळ द्या, आमचं टायटल होतं 'होम', ते केलं 'देवगड हापूस थेट बागेतून, पुणे-मुंबई घरपोच'. आणि मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमधली शब्दांची लपलेली यादी, भरत बसू नका, रँकिंगसाठी ते बघत नाही असं गुगलने 2009 लाच सांगितलंय, तरी अजून त्याचे पैसे घेणारे आहेत.

सीझनवाल्यांची एक हमखास चूक म्हणजे दरवर्षी नवीन पान, लिंकमध्ये वर्ष टाकून, आणि मे संपला की डिलीट. त्या पानाची जी काय पत तयार झाली असते, कोणी लिंक दिली असते, ते सगळं पाण्यात. लिंक एकच ठेवा, वर्ष न टाकता, आतला भाव आणि तारखा बदला. पावसाळ्यात 'सीझन संपला, पुढचं बुकिंग अमुक महिन्यात' एवढं लिहून पान जिवंत ठेवा. आणि कामाला मार्चमध्ये लागलात तर उशीर झाला, बदल दिसायला आठवडे जातात, कधी महिनेही, दिवाळी झाली की कामाला बसा.

रेट कार्ड फोटोत बनवून टाकलं असेल तर तेच भाव साध्या अक्षरांत टाईप करा. फोटो मोबाईलवरून थेट पाच-सहा एमबीचे चढवू नका, दोनशे केबीच्या आसपास आणा. गुगल साईटचं मोबाईलवर दिसणारं रूप धरून चालतं, पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग तपासायच्या टूलमध्ये लिंक टाकून बघा, मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर चांगलं धरतात.

गुगल मॅपवरचं प्रोफाईल कराच, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. तिथे अंतर मोजलं जातं, त्यामुळे कोथरूडात बसून 'जवळचे आंबेवाले' शोधणाऱ्याला देवगडची बाग दिसणार नाही, कुणकेश्वरला आलेल्या पर्यटकाला दिसेल. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं साईटच्या पानांवरूनच येणार. म्हणून काहीजण कोथरूड, बाणेर, ठाणे अशी एकाच मजकुराची पन्नास पानं बनवतात, तसलं करू नका, गुगल ते स्पॅममध्ये धरतं. डिलिव्हरीचं एकच नीट पान पुरे. रिव्ह्यू मागा, पण त्याच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, तेही नियमात बसत नाही.

'महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी' असे फोन येतील, भावाला आठवड्याला दोन यायचे. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गुगलच सांगतं. दुसऱ्या साईटवरून आपल्याकडे येणाऱ्या विकतच्या लिंक तर अजिबात घेऊ नका.

आता आम्ही महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडतो, सोळा महिन्यांपर्यंतचा डेटा असतो त्यामुळे मागच्या सीझनशी ताडून बघता येतं. जिथे आपण दिसतोय पण क्लिक येत नाहीत ते शब्द शोधतो आणि त्या पानाचं टायटल बदलतो. गेल्या वेळी सगळ्यात जास्त लोक साक्याच्या पानावर आले, जे लिहायलाच भाऊ तयार नव्हता, म्हणे आपल्याच मालाची बदनामी कशाला.