शीतखोलीतल्या कॉइलने बर्फ धरलाय का? द्राक्ष हंगामात रोज बघा

फेब्रुवारी लागला की निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत काढणीला वेग येतो आणि शेतकरी गटांच्या, पॅक हाऊसच्या शीतखोल्या रात्रंदिवस चालू राहतात. वर्षभर डोळ्यांत तेल घालून जपलेला माल एकदा खोलीत गेला की आपण निर्धास्त होतो. दार लागलं, डिस्प्लेवर आकडा दिसला, झालं. पण कॉइलने, म्हणजे खोली गार करणाऱ्या, पंख्याजवळच्या नळ्या आणि पत्र्यांच्या जाळीने, बर्फ धरायला सुरुवात केली तरी तो आकडा काही तास, कधी दिवसभरही ठीकच दिसत राहतो. तो हलतो तेव्हा माल आधीच त्रासात असतो. म्हणून बर्फ आकड्यावरून ओळखू नका. तो पाण्यावरून, वाऱ्यावरून आणि डोळ्यांनी बघून ओळखायचा.

द्राक्षाची खोली ० अंशाच्या आसपास ठेवतात, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. खोली ० अंशावर राहायची तर कॉइल त्याहून पाच-सात अंश थंड हवी. एवढी दमट हवा एवढ्या गार पत्र्यांवरून गेली की तिच्यातली वाफ तिथेच गोठणार. त्यामुळे भुरीसारखा पातळ, सगळीकडे सारखा पसरलेला पांढरा थर दिसला तर घाबरू नका, ते चालू मशीनचं लक्षण आहे. धोका थर जाड होण्यात आहे. दोन पत्र्यांमध्ये साधारण ४ मिलिमीटरची फट धरा. दोन्ही बाजूंनी १-१ मिलिमीटर बर्फ चढला की वाऱ्याची निम्मी वाट बंद झाली. शिवाय बर्फ थंडी अडवतो. कॉम्प्रेसर चालूच राहतो, बिल वाढतं आणि खोली तापत जाते.

तीन हंगामांपूर्वी आमच्या गटाच्या खोलीत हेच झालं. रात्री आकडा ० वरून दीड अंशावर गेला. खोलीवर असलेल्या मुलाने सेटिंग उणे २ वर नेलं. खोली गार होत नाही म्हटल्यावर आणखी गार करावीशी वाटणं साहजिक आहे, पण कॉइल बर्फाने भरलेली असताना याहून चुकीचं काही नाही. कॉम्प्रेसरला थांबायला सवड मिळाली नाही, बर्फ आणखी चढला. जो थोडा वारा निघत होता, तो पंख्यासमोरच्या वरच्या क्रेटवरच आदळत होता. सकाळी त्या क्रेटमधल्या घडांचे देठ काचेसारखे पाणीदार झाले होते आणि दाराजवळच्या कोपऱ्यात मात्र ४ अंश होतं. मण्यात साखर असते म्हणून तो उणे अडीच-पावणेतीनच्या आसपास तग धरतो. देठात साखर कमी, तो उणे २ लाच गोठू शकतो. असा देठ नंतर तपकिरी पडतो आणि माल उतरवून घेणारा सगळ्यात आधी देठच बघतो.

तेव्हापासून आम्ही ड्रेन पाइपच्या तोंडाखाली बादली ठेवतो. खर्च काही नाही आणि इतकं खरं सांगणारं दुसरं साधन मला तरी सापडलेलं नाही. ज्या खोलीत हीटरने किंवा गरम गॅसने डीफ्रॉस्ट होतो, म्हणजे कॉइलवरचा बर्फ ठरावीक वेळाने वितळवला जातो, तिथे तो वितळून त्याच पाइपमधून बाहेर येतो. प्रत्येक डीफ्रॉस्टचं पाणी मोजा, वेळेसकट वहीत लिहा. खोलीत माल तेवढाच आहे, दार तेवढंच उघडतंय आणि पाणी अचानक कमी झालं, तर खूश होऊ नका. बर्फ वितळत नाहीये किंवा वितळलेलं पाणी बाहेर येत नाहीये, आतच साठतंय. हीटर जळाला असेल, टायमर अडकला असेल किंवा ड्रेन तुंबला असेल. उलट पाणी वाढलं, तर बाहेरची दमट हवा आत येतेय: दाराचं रबर, प्लॅस्टिकचे पडदे बघा. डीफ्रॉस्ट पाण्याचा फवारा मारून होत असेल, तर मात्र ही बादली उपयोगाची नाही.

त्या पाण्याचा हिशेबही करून बघा. १० टन माल असलेल्या खोलीतून दिवसाला २० लिटर पाणी निघालं, तर ते मालाच्या वजनाच्या ०.२ टक्के होतं. सगळं द्राक्षाचं नसतं, काही दारातून आलेलं, काही ओल्या क्रेटचं. पण दार फारसं उघडत नसेल, क्रेट कोरडे असतील, तर बरंचसं आपल्या घडांमधूनच आलेलं असतं. अशी घट २ टक्क्यांच्या पुढे गेली की देठ सुकून तपकिरी पडायला लागतात. बादलीत दिसतं ते आपलं वजन आहे.

दुसरी खूण वाऱ्याची. युनिटच्या मागे, जिथून हवा आत खेचली जाते, तिथे वहीच्या कागदाची पट्टी धरा. हंगामाच्या पहिल्या दिवशी, कॉइल साफ असताना, ती जाळीला घट्ट चिकटते. बर्फ चढत गेला की पट्टी लुळी पडते. पंख्याचा आवाजही बदलतो, रोज तिथे वावरणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. त्याचं म्हणणं ऐका, ‘उगाच काहीतरी सांगतोय’ म्हणून सोडून देऊ नका.

जमलं तर साधे दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एक आत जाणाऱ्या हवेत, एक बाहेर येणाऱ्या हवेत. साफ कॉइलवर या दोन्हींतला फरक किती, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, कारण प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. नंतर फरक वाढतोय आणि तरी खोली गार होत नाही, तर वारा कमी पडलाय, बर्फाचा संशय धरा. फरकच कमी झाला आणि कॉम्प्रेसर सतत चालतोय, तर गॅस कमी असू शकतो. ही एक ओळ फोनवर सांगितली तरी मेकॅनिक बरोबर सामान घेऊन येतो.

मग टॉर्च घेऊन कॉइलमध्ये बघा, आणि डीफ्रॉस्ट संपल्यावर लगेच बघा, आधी नाही. तेव्हा पत्र्या स्वच्छ दिसायला हव्यात. खाली ट्रेजवळ काचेसारखा घट्ट बर्फ असेल, तर ड्रेन तुंबलाय किंवा वितळलेलं पाणी पुन्हा गोठतंय. गॅस शिरतो त्याच टोकाला बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारी झडप) अडकलेला. सगळीकडे सारखाच जाड थर असेल, तर डीफ्रॉस्ट कमी पडतोय. कॉम्प्रेसरच्या अंगावरच बर्फ चढलेला दिसला तर थांबू नका, मशीन बंद करून मेकॅनिकला बोलवा. द्रव गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर कॉम्प्रेसर फुटू शकतो.

बर्फ काढायचा तर मुख्य वीजपुरवठा बंद करून, ड्रेन मोकळा असल्याची खात्री करून, साध्या पाण्याची हलकी धार वरून सोडा. पेचकस, कोयता काही लावू नका. पत्र्यामागे नळी असते, एक टोचा आणि सगळा गॅस गेला. अमोनियावर चालणाऱ्या मोठ्या प्लांटमध्ये तर स्वतः हातच घालू नका, ते प्रशिक्षित ऑपरेटरचंच काम.

डीफ्रॉस्ट जास्त करणंही बरं नाही. पाइपमधून पाणी यायचं थांबल्यावरही हीटर चालू असेल, तर ती उष्णता खोलीत जाते. तापमान वर-खाली झालं की पेटीतल्या प्लॅस्टिकला आतून घाम सुटतो, ओल लागून, बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फरचा पॅड एकदम जास्त वायू सोडतो आणि देठाजवळचे मणी पांढरट पडतात. पाणी कधी थांबतं ते घड्याळ लावून बघा आणि टायमर त्यानुसार बसवून घ्या.

बर्फ मुळात कमी धरावा, यासाठी मोठं काही लागत नाही. धुतलेले क्रेट निथळून, वाळवूनच आत न्या. दव असताना काढणी नको. गरम माल थेट साठवणीच्या खोलीत न ठेवता आधी प्रीकूलिंगला (झटपट गार करायला) लावा. आणि गाडी भरताना दार उघडं ठेवून गप्पा मारत उभं राहणं एवढं तरी टाळाच.

तासगाव भागातल्या बेदाण्याच्या खोल्यांसाठी वेगळं सांगतो. बेदाणा स्वतः फारसं पाणी सोडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तिथली बादली जवळजवळ कोरडी राहते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तीच भरायला लागते, आणि ते पाणी बहुतेक सगळं दारातून आलेलं असतं. दाराचं रबर मेमध्येच बदलून घ्या.