आम्ल आणि धातू: या चुका टाळा

मुलांची प्रयोगाची जर्नल तपासताना एक वाक्य हमखास सापडतं: 'ॲल्युमिनिअमची विरल हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया होत नाही.' अरे, थांबलास किती? एक मिनिट! ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ पण चिवट थर असतो. आम्ल आधी तो खातं, मग धातूला हात घालतं. तोवर पोरं नळी स्टँडला लावून गप्पा मारत बसतात आणि मागे ती गरम होऊन फसफसते. मी पट्टी पॉलिश पेपरने घासतो, आम्लात टाकतो आणि हजेरी घेतो. हजेरी संपेपर्यंत हायड्रोजनचे बुडबुडे सुरू होतात. मॅग्नेशिअमची फीतही घासूनच घ्या.

दुसरी चूक माझी स्वतःची. लोखंड एरवी जस्तापेक्षा सावकाश फसफसतं, पण एका वर्षी साऱ्या वर्गाचं लोखंड जस्ताइतकंच जोरात फसफसू लागलं. मी आम्लावर संशय घेतला, बाटली बदलली, पुन्हा विरल केलं. तरी तेच! शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, लोखंडाचं द्रावण फिकट हिरवं होतं ना? हे तर पाण्यासारखं आहे." मी हार्डवेअरच्या दुकानातून छान चकचकीत खिळे आणले होते. चकाकी जस्ताच्या मुलाम्याची! आम्ही तासभर जस्ताचीच जस्ताशी तुलना करत होतो. तेव्हापासून मी बांधकामाची काळी बाइंडिंग वायर आणतो आणि घासून वापरतो. दिसायला गबाळी, पण लोखंडच.

तांब्याबद्दल नाशिककरांचा प्रश्न ठरलेला: "तांबं आम्लाला दाद देत नाही, तर तांबट लेनमधला हंडा चिंचेने कसा लखलखतो?" चिंच काढते ती वरची काळपट पुटं. खालचं तांबं जागच्या जागी राहतं. विरल हायड्रोक्लोरिकमध्येही तांब्यातून हायड्रोजन निघत नाही. संहत नायट्रिक आम्लाने तपकिरी वायू निघतो, तोही हायड्रोजन नव्हे, नायट्रोजन डायऑक्साइड. विषारी आहे, शाळेत करून बघू नका.

हायड्रोजन तपासायला पेटती काडी नळीच्या तोंडाशी धरा, आत खुपसू नका. हायड्रोजन 'पॉप' आवाज करत पेटतो. तो ऐकू आला नाही तर बहुधा वायू साठू दिलेला नसतो; काडी धरण्याआधी क्षणभर नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा, बस्स.

आणि आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात, थेंबाथेंबाने. उलटं करणाऱ्याला मी बाकावर बसवतो, त्या दिवशी नळीला हात नाही.