प्लॉटवर कुणी खरमाती टाकून गेलं तर आधी जेसीबी बोलवू नका

कोल्हापूरजवळ पाचगावात आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. दिवाळीनंतर बघायला गेले तर मधोमध दोन ट्रॉली खरमाती, तिच्यात फुटक्या फरशा, आणि कडेला फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, काळ्या वाळूचा ढीग. दीर म्हणाले, "वहिनी, जेसीबी सांगतो, तासाभरात साफ." मी म्हटलं, थांबा. साफ केलं की पुरावाही गेला.

कायद्याच्या नजरेत कचरा टाकणाऱ्याचाच. बांधकामाचा राडारोडा असेल तर तो ज्याच्या बांधकामाचा, त्याच्या अंगावर. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करायची, हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाच्या, २०१० च्या कायद्यातच आहे. पण टाकणारा सापडत नाही तोवर विचारणा उताऱ्यावर नाव असलेल्यालाच होते. म्हणून ढीग आपला नाही हे आधी कागदावर आणायचं.

फोटो काढताना विजेचा खांब किंवा शेजाऱ्याचं गेट फ्रेममध्ये घ्या, नाहीतर जागा कुठली हे कळत नाही. मग हातमोजे घालून काठीने उकरा. मला फरशीच्या फुटक्या खोक्यावर चिकटलेलं माल पोचवल्याचं चलन सापडलं. अर्धं भिजलेलं, पण गाडीच्या नंबरातले 'एमएच ०९' आणि पुढचे चार आकडे स्पष्ट. हा फोटो अर्जाला जोडायचा, गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. काळी वाळू, सुया, सलाइनच्या बाटल्या, केमिकलचे डबे यांना हात लावू नका. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाला वेगळा अर्ज. आणि काडी लावून मोकळं व्हायचं तर मुळीच नाही. हरित न्यायाधिकरणाच्या २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००.

अर्ज कुणाकडे? शहराच्या हद्दवाढीचं गुऱ्हाळ आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, त्यामुळे आधी प्लॉट कुणाच्या हद्दीत ते बघा. घरफाळा कुठे भरता त्यावरून कळतं. शहरात असेल तर महापालिकेचा आरोग्य निरीक्षक, आमच्यासारखा गावात असेल तर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक. गट नंबर, ढीग दिसल्याची तारीख, पंचनाम्याची मागणी, आणि एक वाक्य न विसरता: 'यास माझी संमती नव्हती.' आवक शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ढिगाने ओढा किंवा रस्ता अडला असेल आणि कुणी दाद देत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येतं. उपद्रव हटवायचा आदेश ते देऊ शकतात.

त्या संमतीच्या वाक्यापाशीच माझं पेन अडलं. दीर मान खाली घालून म्हणाले, "एका डंपरवाल्यानं इचारलं हुतं, फुकटात भराव टाकू का. मी म्हटलं, टाक की, खड्डा हाय."

झालं! होकार दिलाय म्हटल्यावर खरमाती आमचीच. अर्ज फाडून नवा लिहिला, त्यात फक्त काळ्या वाळूची तक्रार ठेवली, कारण तिला कुणीच हो म्हटलं नव्हतं. खरमाती पंचनामा झाल्यावर आमच्या खर्चाने उचलली. ट्रॉलीचं भाडं दिरांनी दिलं, मी मागितलं नव्हतं. आता प्लॉटच्या तोंडाला दोन मोठे दगड आडवे टाकलेत आणि पत्र्यावर लिहिलंय: 'भराव नको. फुकटसुद्धा नको.'