थीम पार्कजवळ कॅरव्हॅनसाठी (चाकांवरच्या फिरत्या घरासाठी) जागा निवडताना
नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका. पार्क सुटायच्या वेळी परतीला किती मिनिटं लागतात ते बघा. मागच्या सीटवर दमलेली, भुकेली मुलं असताना अर्ध्या तासापलीकडचा रस्ता संपता संपत नाही. साइटचं फाटक रात्री किती वाजता बंद होतं, हे बुकिंगआधीच विचारून घ्या. शेवटची आतषबाजी पाहून निघालात तर उशीर होणारच. वीजजोडणी किती अँपिअरची, तेही विचारा: २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे जेमतेम २,३०० वॅट. किटली आणि हीटर एकदम लावले की वीज गेलीच म्हणून समजा. पार्कच्या कुंपणाला अगदी लागून असलेली जागा मी तरी टाळते. राइडवरच्या किंकाळ्यांत बाळाची दुपारची झोप होत नाही.